मराठी साइटवरचा डार्क मोड: हरवलेली अक्षरं शोधायची कशी, दुरुस्त करायची कशी

वर्गणीच्या फॉर्ममध्ये नाव टंकलं, पण चौकट कोरीच. पुन्हा टंकलं, तरी कोरीच. वैतागून ‘पाठवा’ दाबलं आणि खजिनदाराकडे तेच नाव दोनदा लिहिलेला फॉर्म पोचला. अक्षरं उमटत होती, दिसत नव्हती. साइटच्या डार्क मोडनं मजकूर पांढरा केला होता आणि चौकटीच्या आतला पांढरा रंग ब्राउझरनं तसाच ठेवला होता.

डार्क मोडच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच सापडतं. जोडीतला एक रंग आपण ठरवलेला असतो आणि दुसरा भलत्याच कुणीतरी: ब्राउझरनं, तयार थीमनं, एखाद्या प्लगइननं, नाहीतर काही वर्षांपूर्वी वर्डमधून परिपत्रक चिकटवणाऱ्या कार्यकर्त्यानं. म्हणून आधी एक नियम पक्का करा. अक्षराचा रंग दिला की त्याच नियमात मागचा रंगही द्यायचा. मागचा दिला की अक्षराचाही. एकटा रंग कुठेच सोडायचा नाही.

मंडळ, वाचनालय, गृहनिर्माण संस्था यांच्या साइट सांभाळणारी माणसं सहसा नोकरी सांभाळून हे काम करतात, तेव्हा खालचा क्रम एकदोन रविवारांत उरकेल असा ठेवला आहे. सीएसएस म्हणजे साइटचं रूप ठरवणारी भाषा. तिच्यातली नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. कोडात ती अर्थातच रोमन लिपीत टंकायची.

आधी अंधार कुणी केला ते ठरवा

‘साइट काळी दिसते’ एवढ्यावरून काही कळत नाही, कारण अंधार करणारे तिघे असू शकतात.

पहिली, साइट स्वतः. अँड्रॉइड १० आणि आयओएस १३ या दोन्ही आवृत्त्या सप्टेंबर २०१९ मध्ये आल्या आणि फोनभर लागू होणारा डार्क मोड घरोघरी पोचला. फोनची पसंती साइटला ‘प्रेफर्स-कलर-स्कीम’ या मीडिया क्वेरीतून, म्हणजे सीएसएसमधल्या अटीतून, कळते. थीममध्ये ती क्वेरी असेल तर तुम्ही काही न करताही साइट काळी होते. थीम अपडेट केल्यावर अचानक तक्रारी सुरू झाल्या तर संशय इथे घ्या.

दुसरा, ब्राउझर. अँड्रॉइडवरचे काही ब्राउझर डार्क मोड नसलेल्या साइटही जबरदस्तीनं काळ्या करतात. त्यांचा रंगांचा अंदाज बऱ्यापैकी असतो, पण भगव्याचा तपकिरी होणं, लोगोमागे पांढरा ठिगळासारखा चौकोन उरणं हे प्रकार त्यातलेच.

तिसरा, वाचकानं लावलेलं एक्स्टेन्शन किंवा फोनमधलं रंग उलटे करण्याचं सेटिंग. याची खूण सोपी: अध्यक्षांचा फोटो अनेकदा निगेटिव्हसारखा दिसतो. यात साइटचा दोष नसतो, वाचकाला सेटिंग कुठे आहे ते सांगायचं.

वेगळं ओळखायला तीच लिंक खासगी खिडकीत उघडायची, कारण तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. मग संगणकावर क्रोम उघडून एफ१२ दाबा, कंट्रोल-शिफ्ट-पी करून ‘रेंडरिंग’ शोधा आणि तिथे प्रेफर्स-कलर-स्कीम ‘डार्क’ करा. बिघाड दिसला तर साइटचा. फायरफॉक्सच्या इन्स्पेक्टरमध्ये यासाठी सूर्य आणि चंद्राची दोन बटणंच आहेत, ती जास्त सोयीची.

रंगांना कामावरून नावं द्या

साइटभर विखुरलेले रंग एकेक करून उलटवत बसलात तर काम कधीच संपत नाही. सगळे रंग एका जागी आणा आणि त्यांना कामाची नावं द्या: पान, पेटी, मजकूर, दुय्यम मजकूर, लिंक, पाहिलेली लिंक, सीमारेषा, चूक, बटण, बटणावरचा मजकूर. ‘काळा’, ‘राखाडी’ अशी नावं देऊ नका. उद्या ‘काळा’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये पांढरा रंग बसलेला दिसला की पुढचा कार्यकर्ता हात जोडेल.

आकड्यांसाठी वेबच्या सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, डब्ल्यूसीएजी. साध्या मजकुराला मागच्या रंगाशी किमान ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट हवा. २४ पिक्सेल किंवा त्याहून मोठ्या अक्षराला ३ ला १ चालतो. फॉर्मच्या चौकटीच्या कडा, चिन्हं यांनाही ३ ला १ हवा. शुद्ध काळ्यावर शुद्ध पांढरा म्हणजे २१ ला १, याच्यापुढे काही नाही.

आता गोम अशी की उजेडात पास झालेला रंग अंधारात नापास होतो. राखाडी ११८-११८-११८ (आकडे लाल-हिरवा-निळा या क्रमानं, प्रत्येकी ० ते २५५) पांढऱ्यावर ४.५ च्या जेमतेम वर जातो. कार्यक्रमाची तारीख, फोटोखालची ओळ वगैरेंना थीमवाले असलाच राखाडी वापरतात. हाच रंग १८-१८-१८ या गडद पानावर ठेवला की कॉन्ट्रास्ट ४.१ वर येतो. ब्राउझरच्या ठरीव निळ्या लिंकचे हाल याहून वाईट: ०-०-२३८ हा निळा गडद पानावर जेमतेम २ ला १ भरतो, आणि पाहिलेल्या लिंकचा जांभळा १.७. लिंक कुठे आहे हेसुद्धा कळत नाही. ‘चूक झाली’ सांगणारा लाल २००-०-० पांढऱ्यावर ६ असतो, अंधारात ३.

सुरुवातीला हा संच घ्या, मग आवडीप्रमाणे हलवा:

– पान: १८-१८-१८
– पेटी, कार्ड, मेन्यू: ३०-३०-३०
– मजकूर: २२४-२२४-२२४ (पानावर १४ ला १, पेटीवर १२.६)
– दुय्यम मजकूर: १६०-१६०-१६० (पानावर ७ च्या वर, पेटीवर ६.४)
– लिंक: १३८-१८०-२४८ (८.९)
– पाहिलेली लिंक: १९७-१३८-२४९ (७.५)
– चूक: २५५-१३८-१२८ (८.२)

पान अगदी काळं का नाही? ओएलईडी पडद्यावर शुद्ध काळा म्हणजे बंद पिक्सेल. पान सरकवताना बंद पिक्सेल उजळायला किंचित वेळ लागतो आणि अक्षरांमागे काळसर फराटा ओढल्यासारखा दिसतो. शिवाय २१ ला १ कॉन्ट्रास्टमध्ये पांढरी अक्षरं डोळ्यांना फुटल्यासारखी वाटतात. बॅटरी वाचते म्हणून काळाच हवा, असा आग्रह कुणी धरला तर एवढंच सांगा की बचत फक्त ओएलईडीवर होते, एलसीडीवर मागचा दिवा जळतच असतो. आणि १८-१८-१८ सुद्धा ओएलईडीला जवळपास अंधारच आहे.

भगव्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या निम्म्या मंडळांचा तो रंग असतो. २५५-१५३-५१ हा भगवा पांढऱ्या पानावर २.१ ला १ भरतो. म्हणजे पांढऱ्यावर भगवी शीर्षकं उजेडातच नापास होती, कुणी बोललं नाही इतकंच. गडद पानावर मात्र तोच भगवा ८.८ वर जातो आणि छान दिसतो. भगव्या बटणावर पांढरी अक्षरं दोन्हीकडे नापास. तिथे अक्षरं १८-१८-१८ करा, दोन्हीकडे पास. अंधारासाठी साइट चाळताना उजेडातली जुनी चूक हाती लागते ती अशी.

सावल्या अंधारात दिसत नाहीत, त्यामुळे सावलीच्या भरवशावर उठून दिसणाऱ्या पेट्या पानात विरून जातात. पेटीचा रंग पानापेक्षा एक पायरी उजळ ठेवला की काम होतं. शीर्षकांना दिलेली टेक्स्ट-शॅडो डार्कमध्ये सरळ काढून टाका. पांढऱ्या अक्षराला पांढरी सावली म्हणजे चष्म्यावर वाफ.

ब्राउझरला विश्वासात घ्या

फॉर्मच्या चौकटी, ड्रॉपडाउन, तारखेचं कॅलेंडर आणि स्क्रोलबार हे सगळं ब्राउझर रंगवतो. पान तुम्ही काळं केलंत तरी त्याला ते कळत नाही. कळवायचं साधन म्हणजे ‘कलर-स्कीम’ ही प्रॉपर्टी. मुळाशी, म्हणजे ‘रूट’वर, तिची किंमत ‘लाइट डार्क’ द्या. त्याच नावाचा मेटा टॅग हेडमध्ये वर टाका, म्हणजे सीएसएसची फाइल उतरण्याआधीचं कोरं पानही योग्य रंगाचं येतं. जबरदस्तीनं काळं करणाऱ्या क्रोमलाही यातून निरोप जातो की साइट आपलं बघून घेते.

एवढं करूनही सुरुवातीचा कोरा फॉर्म तसाच राहिला तर थीमच्या सीएसएसमध्ये इनपुटसाठी ‘कलर: इन्हेरिट’ शोधा. अनेक तयार सीएसएस संचांत ते असतं. पानाचा पांढरा मजकूररंग त्यातून चौकटीत झिरपतो, पण मागचा रंग झिरपत नाही. इनपुट, टेक्स्टएरिया, सिलेक्ट आणि बटण या चौघांना ‘पेटी’ आणि ‘मजकूर’ ही जोडी स्पष्टपणे द्या.

एक जागा तरीही निसटते. क्रोम साठवलेलं नाव-पत्ता आपोआप भरतो तेव्हा चौकटीला स्वतःचा फिकट रंग देतो आणि तुमचा बॅकग्राउंड-कलर जुमानत नाही. उपाय जुगाडू आहे, पण चालतो: ‘-वेबकिट-ऑटोफिल’ या अवस्थेसाठी १००० पिक्सेलची आतली बॉक्स-शॅडो पेटीच्या रंगात द्या आणि अक्षरासाठी ‘-वेबकिट-टेक्स्ट-फिल-कलर’ वापरा. इथेही दोन्ही एकदम. एक विसरलात की पहिल्याच परिच्छेदात परत.

बटण, आणि उघडताना होणारा पांढरा झपका

फोनची पसंती पाळणं पुरेसं नाही, साइटवर बटणही हवं. दृष्टिवैषम्य म्हणजे अस्टिग्मॅटिझम असलेल्या बऱ्याच जणांना काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरलेली दिसतात. अंधाऱ्या पडद्यापुढे बाहुली मोठी होते आणि डोळ्यातला दोष जास्त जाणवतो, हे त्यामागचं कारण. उलट कुणाला पांढऱ्या पानाचा झगझगाट सोसत नाही. एकाच घरातल्या आजी-आजोबांची निवड वेगवेगळी असू शकते, म्हणून तीन पर्याय ठेवा: उजेड, अंधार, फोनप्रमाणे. पहिल्या भेटीत ‘फोनप्रमाणे’.

निवड ब्राउझरच्या लोकल-स्टोरेजमध्ये ठेवायची आणि एचटीएमएल टॅगवर ‘डेटा-थीम’ असं ॲट्रिब्यूट लावून अमलात आणायची. यात तीन चुका हमखास होतात.

पहिली म्हणजे पांढरा झपका. अंधार निवडलेला असतानाही प्रत्येक पान उघडताना क्षणभर पांढरं चमकतं. निवड वाचणारी स्क्रिप्ट पानाच्या तळाशी असते, किंवा तिला ‘डिफर’, म्हणजे ‘पान वाचून झाल्यावर चाल’ असं, लावलेलं असतं. ब्राउझर आधी रंगवतो, मग स्क्रिप्ट चालते. ती चारपाच ओळींची स्क्रिप्ट हेडमध्ये, सीएसएसच्या लिंकच्याही आधी, थेट पानात लिहा. तिला ‘ट्राय-कॅच’मध्ये गुंडाळा, कारण कुकी बंद ठेवणाऱ्यांकडे लोकल-स्टोरेजला हात लावताच चूक फेकली जाते आणि बटणच मरतं.

दुसरी, अर्धवट बदल. फोन अंधारात, पण वाचकानं साइटवर उजेड निवडला. पान पांढरं झालं आणि फॉर्मच्या चौकटी काळ्याच राहिल्या, कारण कलर-स्कीम अजून ‘लाइट डार्क’ आहे आणि ब्राउझर फोनचंच ऐकतो. डेटा-थीम ‘लाइट’ असेल तेव्हा कलर-स्कीमही फक्त ‘लाइट’, ‘डार्क’ असेल तेव्हा फक्त ‘डार्क’.

तिसरी चूक फसवी आहे. थीम सर्व्हरवर कुकी वाचून लावली आणि कॅश प्लगइन, म्हणजे एकदा तयार झालेलं पान साठवून सगळ्यांना तेच देणारं, चालू असलं की पहिल्यानं निवडलेला अंधार सगळ्यांच्या माथी. कॅश साफ केल्यावर बरं होतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. निवड ब्राउझरमध्येच सोडवा, सर्व्हरला त्यात ओढू नका.

आणि एक शॉर्टकट टाळा: बॉडीला ‘फिल्टर: इन्व्हर्ट’ लावून एका ओळीत डार्क मोड. फोटो उलटे होतात ते वेगळंच, पण बॉडीवर फिल्टर लागला की ‘पोझिशन: फिक्स्ड’ दिलेला वरचा मेन्यू पडद्याऐवजी बॉडीला धरून राहतो आणि पान सरकवलं की मेन्यूही निघून जातो. मग मेन्यूचा बिघाड म्हणून दोन दिवस भलत्याच फायलीत शोधाशोध चालते.

देवनागरीचं वेगळं गणित

रंग बरोबर जमले तरी मराठी मजकूर अंधारात थकवतो, असं वाटलं तर अक्षराकडे वळा. थीम रोमन लिपीसाठी मापलेली असते. आपल्या लिपीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे थर. मधल्या पट्ट्याला उरते ती थोडकी जागा. म्हणून १६ पिक्सेलचं देवनागरी अक्षर १६ पिक्सेलच्या रोमनपेक्षा बारीक भासतं. मजकूर १८ पिक्सेल ठेवा, फोनवरही. पिक्सेलऐवजी रेम या ब्राउझरच्या मूळ अक्षरमापाशी बांधलेल्या एककात द्या, म्हणजे १.१२५ रेम, तर ब्राउझरमध्ये अक्षर मोठं करून ठेवणाऱ्यांचा मान राहतो.

जाडी ४००. वजन ३०० किंवा त्याखाली गेलं की शिरोरेखा तुटक दिसते आणि स्वस्त पडद्यावर काने पुसट होतात. याउलट टोकाला ७०० जाडीचे परिच्छेद अंधारात बुजतात: उजळ रेघा पसरतात, आतली पोकळी भरते, आणि घ-ध, भ-म, ब-व यांतला फरक ओळखू येत नाही. ठळक हवं तिथे ६०० पुरे.

ओळीची उंची १.७, एककाशिवाय. शीर्षकांना १.४. थीममध्ये शीर्षकाला १.१ आणि सोबत ‘ओव्हरफ्लो: हिडन’ असतं, तेव्हा ‘मूर्तींची’ या शब्दातला रफार-अनुस्वाराचा जुडगा वरून छाटला जातो आणि ‘शुद्धीकरण’चा उकार खालून. बातम्यांच्या यादीत दोन ओळींवर मजकूर कापणारी लाइन-क्लॅम्प असते, तिथेही हेच. बटणांना ‘हाइट’ देऊ नका. ‘मिन-हाइट’ आणि वरखाली पॅडिंग द्या.

लेटर-स्पेसिंग शून्य. यावर वाद नाही. रोमन कॅपिटल अक्षरं मोकळी करण्यासाठी थीमवाले मेन्यूला एक-दोन पिक्सेल देतात आणि मराठीत शिरोरेखेचे तुकडे होतात. अंधारात पांढऱ्या रेघेमधली ती काळी फट जास्तच टोचते. अनेकदा हीच तक्रार ‘फॉन्ट खराब झाला’ म्हणून येते.

तिरकी अक्षरंही काढा. बहुतेक देवनागरी फॉन्टना खरा इटॅलिक नसतो, ब्राउझर उभं अक्षर नुसतं ढकलून तिरकं करतो. उद्धरणासाठी डावीकडे रंगीत पट्टी द्या. दोन्ही कडा जुळवणारं ‘जस्टिफाय’ नको, कारण मराठी शब्द ओळीअखेर सहसा तोडले जात नाहीत आणि फोनच्या अरुंद ओळीत शब्दांमध्ये भगदाडं पडतात. लिंकखालची रेघ उकारांना छेदते, तेव्हा ‘टेक्स्ट-अंडरलाइन-ऑफसेट’ ०.२५ एमच्या आसपास द्या.

फॉन्ट निवडताना एक खोच. साइटला सुंदर वेबफॉन्ट लावलेला असतो, पण त्याचा देवनागरी भाग उतरवलेलाच नसतो. मग इंग्रजी शब्द त्या फॉन्टात आणि मराठी प्रत्येकाच्या यंत्रात जे असेल त्यात: विंडोजवर निर्मला यूआय, जुन्या विंडोजवर मंगल, ॲपलवर कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो. चौघांकडे चार जाड्या, चार उंच्या. ‘माझ्याकडे नीट दिसतं’ या वाक्याचा उगम हाच. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’, दोन्ही खुल्या परवान्यावर मिळतात, त्यांतला एक घ्या. वजनं दोनच उतरवा, ४०० आणि ६००.

एचटीएमएल टॅगवरची भाषा तपासा. ती इंग्रजी किंवा हिंदी असेल तर मराठी वळणाचे ल आणि श देऊ शकणारा फॉन्टही हिंदी वळण दाखवतो. भाषेचा संकेत ‘एमआर’ केला की फॉन्टात रूपं असल्यास आपोआप येतात. स्क्रीन-रीडरचा उच्चारही त्यावर ठरतो.

जुना मजकूर

नवीन पानं सुधारली तरी मागच्या वर्षांची परिपत्रकं काळ्यावर काळी राहतात. वर्डमधून चिकटवलेल्या परिच्छेदांत रंग मजकुराच्या आतच लिहिलेला असतो, स्टाइल ॲट्रिब्यूटमध्ये, आणि तुमच्या सीएसएसपेक्षा त्याचं वजन जास्त.

तात्पुरता उपाय: मजकुराच्या पेटीत, ज्या टॅगच्या स्टाइलमध्ये ‘कलर’ हा शब्द आहे त्यांना डार्कमध्ये ‘इम्पॉर्टंट’ लावून ‘मजकूर’ रंग आणि पारदर्शक पार्श्वभूमी द्या. यात हेतुपुरस्सर केलेली लाल सूचनाही सपाट होते. ती महत्त्वाची असेल तर आधी तिला क्लास देऊन वेगळी काढा.

कायमचा उपाय डेटाबेसमध्ये आहे. आधी पूर्ण बॅकअप, तो उघडतो का ते पाहणं, मग स्टाइलमधले कलर, बॅकग्राउंड आणि फॉन्ट-फॅमिली काढणं. एकदम सगळीकडे नको. दहा पानांवर चालवून नजरेनं तपासा. जुन्या तक्त्यांत काही ओळी मुद्दाम रंगवलेल्या असतात, त्यांचा अर्थ रंगातच असतो. पुढे घाण येऊ नये म्हणून मजकूर चढवणाऱ्यांना कंट्रोल-शिफ्ट-व्ही शिकवा, त्यानं नुसता मजकूर चिकटतो. चिठ्ठी लिहून टेबलावर चिकटवली तरी चालेल.

लोगो, पत्रिका, क्यूआर

पारदर्शक पीएनजी लोगोतली काळी अक्षरं गडद पानावर नाहीशी होतात. एसव्हीजी, म्हणजे कोडात लिहिलेलं चित्र, असेल तर अक्षरांचा रंग ‘करंट-कलर’ (भोवतालच्या मजकुराचा रंग) करा आणि फाइल पानातच लिहा. इमेज टॅगमधून आणलेल्या एसव्हीजीला पानाचा रंग समजत नाही. पीएनजीच असेल तर दोन प्रती ठेवून पिक्चर टॅगनं निवडा, पण बटणानं बदललेला अंधार त्याला कळत नाही हे लक्षात घ्या. सगळ्यात कमी कटकटीचं म्हणजे लोगोमागे कायमचा पांढरा गोल किंवा चौकोन, थोड्या पॅडिंगसह.

स्कॅन केलेल्या निमंत्रण-पत्रिका अंधारात दिव्यासारख्या डोळ्यांत जातात. त्यांना ‘ब्राइटनेस’ ०.८५ चा फिल्टर द्या. उलट्या करू नका.

क्यूआर कोडला मात्र कसलाच फिल्टर नको. देणगीचा यूपीआय कोड पारदर्शक पार्श्वभूमीचा असेल तर काळे ठिपके काळ्या पानात बुडतात. कुणी हौसेनं ठिपके पांढरे केले तर उलटा कोड सगळीच ॲप वाचत नाहीत. कोड पांढऱ्या पेटीत ठेवा आणि चारही बाजूंना किमान चार ठिपक्यांइतकी पांढरी मोकळी जागा सोडा, प्रमाणकात तेवढी सांगितलेली आहे. थीमनं चित्रांना दिलेले गोल कोपरे ती जागा खातात, तेही या एका चित्रापुरते काढा.

नकाशा किंवा दुसऱ्या साइटचा फॉर्म आयफ्रेममध्ये, म्हणजे पानातल्या दुसऱ्या पानाच्या खिडकीत, असेल आणि त्यामागे अचानक पांढरा ठोकळा आला असेल, तर आतल्या आणि बाहेरच्या पानाची कलर-स्कीम जुळत नाही. अशा वेळी ब्राउझर आयफ्रेमला मुद्दाम अपारदर्शक पार्श्वभूमी देतो. आतलं पान फक्त उजेडातलं असेल तर त्या आयफ्रेमवर कलर-स्कीम ‘लाइट’ ठेवा.

डार्क मोडच्या नावावर खपणारे बिघाड

नवी थीम चढवल्यावर लोक साइट निरखून वाचतात, आणि आधीपासून असलेले बिघाड नव्या रूपाच्या खात्यावर जमा होतात. ‘डार्क मोड आल्यापासून शुद्धलेखन बिघडलं’ ही तक्रार हास्यास्पद वाटते, पण ती खरी असू शकते.

‘आचाऱ्यांना मानधन दिले’ असं लिहिलं होतं, पानावर ‘आचार्यांना’ आलं. स्वयंपाक्याचे गुरुजी झाले. दऱ्यांचा दर्या होतो तोही असाच. मराठीतला हा चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन पद्धतींनी टंकला जातो. एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर, युनिकोड क्रमांक ०९३१, त्याला हलन्त आणि पुढे य. दुसरीत साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक, क्रमांक २००डी. मजकूर ‘स्वच्छ’ करणारं एखादं प्लगइन हा अदृश्य जोडक कचरा समजून उडवतं आणि र् उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. उपाय: साठवतानाच दुसरी पद्धत पहिलीत बदलून घ्या. साइटवरचा शोधही सुधारतो, कारण दिसायला सारखे असलेले दोन ‘दुसऱ्या’ संगणकासाठी वेगळे शब्द असतात.

ॲ च्या जागी चौकोन दिसत असेल तर फॉन्ट जुना आहे. हे अक्षर, क्रमांक ०९७२, युनिकोडमध्ये २००८ साली आलं. वेलांटीखाली ठिपक्यांचं वर्तुळ दिसलं तर मात्रा व्यंजनाशिवाय पडली आहे, म्हणजे टंकताना क्रम चुकला किंवा कोडानं शब्द मध्येच कापला. बातमीचा सारांश ठरावीक अक्षरांवर कापणाऱ्या थीम ‘पुस्तक’चं ‘पुस्’ करतात. शब्दाच्या सीमेवर कापायला सांगा.

तपासणी

एक कच्चं पान कायम ठेवा, शोधयंत्रांपासून लपवलेलं. त्यावर ही ओळ प्रत्येक आकारात आणि जाडीत टाका: ‘वाङ्मयाच्या पुष्ट्यर्थ सद्गुरूंनी आचाऱ्यांकडून उत्कृष्ट मूर्तींची ॲक्रिलिकवरची ऱ्हस्व-दीर्घ नावं शुद्ध करून घेतली.’ अर्थ शोधू नका. छाटणं, तुटणं, बुजणं यांतलं सगळं तिथे दिसतं. ओळीखाली एक लिंक, एक पाहिलेली लिंक, भरलेला आणि रिकामा फॉर्म, चुकीची सूचना, तक्ता आणि क्यूआर. क्रोममध्ये एखाद्या घटकाच्या रंगाच्या चौकोनावर टिचकी मारली की कॉन्ट्रास्टचा आकडा तिथेच येतो.

हे पान उजेडात, अंधारात, आणि फोनच्या उलट निवड करून पाहा. मग २०० टक्के झूम. मग एखाद्या स्वस्त एलसीडी फोनवर, ब्राइटनेस कमी करून. क्यूआर दोन वेगळ्या ॲपमधून स्कॅन करा आणि नाव दिसेपर्यंतच थांबा.

शेवटी कंट्रोल-पी. अंधार बटणानं लावलेला असेल तर छपाईतही तो चिकटून राहू शकतो, आणि ब्राउझर मागचा रंग सहसा छापत नाही. जोडीतला एक रंग गळाला की उरतात ती पांढऱ्या कागदावर फिकट अक्षरं. अंधाराचे सगळे नियम ‘मीडिया स्क्रीन’च्या आत ठेवा. वार्षिक सभेची विषयपत्रिका सूचनाफलकावर लावायला कुणीतरी साइटवरूनच छापतं.